उतरती कळा लिहिताना

टीव्हीसाठी एखाद्या कलावंताच्या चढ-उताराचा चरित्रपट लिहायला घेतला की पहिल्याच बैठकीत विचारलं जातं, घसरण नेमकी कधी सुरू झाली? कुणी घटस्फोटाचं वर्ष सांगतं, कुणी अटकेचं, कुणी आपटलेल्या सिनेमाचं. त्यातलं एक वर्ष धरून पटकथा रचली की ती मधोमध मोडते. पहिला तास टाळ्या आणि दुसरा तास बाटल्या. खरं तर घसरणीची तयारी यशाच्याच वर्षांत, त्याच घरात चाललेली असते. ती पडद्यावर यायची असेल तर सीन सुचायच्या आधी एक वही करावी लागते.

वहीत एका महिन्याला एक ओळ आणि सहा रकाने: वय, मुक्काम, हातातलं काम, झोप आणि औषधं, पैसा, घरात राहणारी माणसं. करार, कोर्टाची कागदपत्रं, जुन्या मुलाखती, शूटिंगच्या तारखा यांतून हे रकाने भरत जायचे. रकाना रिकामा राहिला तर राहू द्यावा, कल्पनेने भरू नये. कुठे माहिती आहे आणि कुठे आपण अंदाज करतोय, हे नंतर वकिलालाही सांगावं लागतं.

अमेरिकन गायिका-अभिनेत्री ज्युडी गारलंडची वही अशी भरली तर चित्र लगेच पालटतं. १९२२चा जन्म, १९३५मध्ये म्हणजे तेराव्या वर्षी एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओशी करार. काम चालू राहावं म्हणून उत्तेजक गोळ्या आणि रात्री झोप लागावी म्हणून दुसऱ्या गोळ्या, हे स्टुडिओतलं चक्र पुढे तिनेच सांगितलेलं आहे. १९६९मध्ये लंडनमध्ये ती वारली तेव्हा औषधांचा रकाना तीस वर्षांहून जास्त काळ भरत आलेला होता. अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवरच्या २००१च्या तिच्यावरील मालिकेत तरुण गारलंड टॅमी ब्लँचर्डने आणि पुढच्या वयातली ज्युडी डेव्हिस या अभिनेत्रीने केली. दोघींनाही टीव्हीसाठीचा एमी पुरस्कार मिळाला. दोन नट्या घेतल्या की वयाचा प्रश्न सुटतो, पण दुसरा उभा राहतो. अदलाबदलीच्या आधी आणि नंतर निदान एक लकब तीच दिसायला हवी. मान तिरपी करण्याची, ओठ चावण्याची, काहीही. नाहीतर प्रेक्षक दहा मिनिटं नव्या बाईची ओळख करून घेत बसतो.

पैशाचा रकाना बहुतेक लेखक सोडून देतात, आणि मला तीच सर्वांत मोठी चूक वाटते. अमेरिकेतल्या कलावंताच्या १०० डॉलरमधले साधारण १० एजंटाचे, १५ मॅनेजरचे, ५ हिशेब सांभाळणाऱ्याचे आणि ५ वकिलाचे. कर वेगळा. कमिशन बहुतेक वेळा एकूण मिळकतीवर लागतं, त्यामुळे हाताशी काही उरलं नाही तरी ते जातंच. म्हणून आजारी बाईला स्टेजवर ढकलणारा माणूस खलनायकच असला पाहिजे असं नाही. त्याचं घर त्या कमिशनवर चालत असतं. हे दाखवायला सव्वा पान पुरतं. बाई जेवणाच्या टेबलावर चेकांवर सह्या करतेय. ताट बाजूला सरकवलेलं. हिशेबनीस एकेक चेक पुढे करतो, ती नाव न वाचता सही करते. एका चेकवर पेन थांबतं, नाव डॉक्टरचं आहे. ती हिशेबनिसाकडे बघते, तो पान उलटतो, ती सही करते. संवाद एकही नाही.

आता औषधं. इथे पटकथा सर्वांत जास्त खोटं बोलते, कारण लेखकाने कारण समजून घेतलेलं नसतं. जुन्या झोपेच्या गोळ्या म्हणजे बार्बिच्युरेट. झोप आणणारी मात्रा आणि जीव घेणारी मात्रा यांत अंतर मुळातच थोडं. सवय झाली की झोपेसाठी मात्रा वाढवावी लागते, पण मारक मात्रा तेवढी वर सरकत नाही. अंतर दरवर्षी कमी होत जातं आणि दारू सोबत असेल तर आणखी कमी. म्हणजे नेहमीसारखीच एक रात्र जीवघेणी ठरायला वेगळं काही घडावं लागत नाही. हेरॉइनसारख्या अमली पदार्थात उलटं घडतं: काही आठवडे सोडलं की शरीराची सहनशक्ती उतरते, आणि मग जुन्याच मात्रेने श्वास थांबतो. चरित्रपटांत ‘सुधारली आणि अचानक गेली’ असं दैवावर ढकललेलं जे दिसतं, त्याच्या मागे बऱ्याचदा हे असतं. दारूतही खंडानंतरचं पिणं जास्त घातक. ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउस जुलै २०११मध्ये सत्ताविसाव्या वर्षी गेली. रक्तात १०० मिलिलिटरला ४१६ मिलिग्रॅम अल्कोहोल सापडलं. इंग्लंडात गाडी चालवायची मर्यादा ८० आहे. त्याआधी काही काळ तिने दारू बंद ठेवली होती. म्हणून वहीत शेवटच्या खंडाची तारीख हवीच, आणि पटकथेत तो खंड आशेचा म्हणून रंगवताना धोक्याचाही दिसायला हवा.

मात्र मात्रा, गोळ्यांची संख्या, बाटलीवरचं लेबल, सुई टोचण्याची कृती यांतलं काही क्लोजअपमध्ये नको. आत्महत्येच्या दृश्यांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये चित्रपट आणि रंगभूमीवाल्यांसाठी पुस्तिका काढली आहे. पद्धतीचा तपशील दाखवू नये हा तिचा गाभा आहे. नशेच्या सीनलाही तोच नियम लावावा.

गायिकेची गोष्ट असेल तर गाण्यांचे हक्क लेखनाच्या आधी बघायचे. हक्क दोन असतात: रचनेचा वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा. मूळ मुद्रण मिळालं नाही तर रचनेचा हक्क घेऊन दुसऱ्या आवाजात गाणं नव्याने मुद्रित करता येतं. अमेरिकन गायिका व्हिटनी ह्यूस्टनवरच्या २०१५च्या टीव्हीपटात आवाज डेबोरा कॉक्सचा होता. अमेरिकन गायिका आलियावरच्या २०१४च्या टीव्हीपटाला कुटुंबाचा विरोध होता. तिची गाजलेली गाणी हाती नसल्यामुळे तिने गायलेल्या, पण मुळात इतरांच्या असलेल्या रचनांवर भागवावं लागलं. असं होणार असेल तर ज्या गाण्याशिवाय सीन उभाच राहत नाही, तो सीन लिहूच नये. आणि आवाज कुणाचाही असो, सेटवर नटीने मोठ्याने गायलंच पाहिजे. नुसते ओठ हलवले तर गळ्याच्या शिरा आणि बरगड्या गप्प राहतात, आणि ते कॅमेऱ्यात दिसतं. गाण्याच्या कागदावर श्वासाच्या जागा पेन्सिलने खुणावून द्याव्यात.

अमेरिकेत जाहिरातींच्या वाहिनीवर दोन तासांच्या जागेत सिनेमा सुमारे ८५ ते ८८ मिनिटांचाच असतो, सात-आठ तुकड्यांत कापलेला. प्रत्येक ब्रेकला चक्कर, थप्पड किंवा पोलीस आणले तर चौथ्या ब्रेकपर्यंत बघणारा बधिर होतो. निदान दोन ब्रेक चांगल्या बातमीवर घ्यावेत. नवा करार झाला, आणि त्यातल्या तारखा पाळणं तिला झेपणार नाही हे फक्त प्रेक्षकाला कळलंय.

रंगभूषेत वय दाखवायला चिकटवलेले सिलिकॉनचे तुकडे काढताना त्यांच्या कडा फाटतात, त्यामुळे रोज नवे लागतात आणि लावायला तीन-चार तास जातात. काढल्यावर कातडी लाल होते. त्याच दिवशी नंतर तरुणपणाचा क्लोजअप लावू नका. वय मानेवर आणि हातांवरच उघडं पडतं, चेहऱ्यावर सगळा वेळ घालवून उपयोग नसतो.

शेवट मृत्यूवरच करायला हवा असं नाही. व्हिटनीवरचा तो टीव्हीपट पुढे तिचा नवरा झालेल्या बॉबी ब्राउनशी १९८९मध्ये झालेल्या भेटीपासून सुरू होतो आणि तिच्या मृत्यूच्या कितीतरी आधी थांबतो. पण मृत्यूपर्यंत जायचं ठरलं, तर शेवटच्या महिन्यासाठी वहीत एका दिवसाला एक ओळ करावी. गारलंडचा सत्तेचाळिसावा वाढदिवस १० जूनला होता आणि ती २२ जूनला गेली. मधल्या अकरा ओळींत मुक्काम, झोप, पैसा आणि घरातली माणसं एवढंच लिहायचं.