भरलेली गाडी घाट उतरते, म्हणून सुरुवात ब्रेकपासून

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही एक वापरलेली बोलेरो पिकअप विकत घेतली. २०१८ चे मॉडेल, बीएस-४, २५२३ सीसीचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन, दीड टनाची क्षमता आणि मीटरवर १,४२,३०० किलोमीटर. आमची शेती जुन्नर तालुक्यात आहे. उन्हाळी टोमॅटोचा तोडा मेअखेरीस सुरू होतो आणि तेथून पुढे चार महिने गाडीला उसंत मिळत नाही. बहुतेक माल नारायणगावच्या बाजारातच उतरतो, पण आठवड्यातून एक-दोन खेपा आळेफाटा, ओतूर, माळशेज घाट, मुरबाड, कल्याण अशा मार्गाने वाशीला जातात. त्यामुळे गाडी ताब्यात आली तेव्हा हाताशी जेमतेम अडीच महिने होते, आणि त्या काळात काय आधी करायचे, काय नंतर, हे ठरवणे भाग होते.

गाडी पाहायला गेलो की आपल्याकडे सगळे इंजिनाभोवती जमतात. धूर कसा आहे, आवाज कसा आहे, चढाला ओढते का, एवढे पाहून सौदा होतो. आम्हीही तेच केले. मात्र घरी आल्यावर वहीत खेपांचा हिशेब मांडला, तेव्हा एक साधी गोष्ट लक्षात आली. आमची गाडी भरलेली असते ती माळशेज उतरताना, आणि चढते ती रिकामी. दीड टन माल घेऊन देशावरून कोकणात उतरणाऱ्या गाडीचे इंजिन थोडे कमी ओढले तरी निभावते. ब्रेक कमी पडले तर निभावत नाही. म्हणून देखभालीसाठी बाजूला ठेवलेल्या साठ हजार रुपयांतला पहिला रुपया थांबवणाऱ्या भागांवर खर्च करायचा, मग आधार देणाऱ्या, म्हणजे टायर आणि पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर), आणि इंजिनाच्या कामांचा विचार त्यानंतर, असा क्रम मी ठरवला.

गावातले मिस्त्री आमच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. त्यांनी गाडी जॅकवर घेतली, मागची चाके काढली आणि ड्रम उघडण्याआधीच मला खाली बोलावले. मागच्या पाट्यांच्या थप्पीत दोन पाटे बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाचे होते आणि ते आवळून धरणारे यू-बोल्टही नेहमीपेक्षा लांब होते. "दादा, आधीच्या मालकाने जादा पाटे टाकलेत. गाडी बसू नये म्हणून," ते म्हणाले. मला आधी ते फायद्याचेच वाटले. गाडी मजबूत झाली असेल तर वाईट काय, असे मी विचारलेही. त्यावर त्यांनी बॅटरी वर धरून अॅक्सलच्या वरची एक सळई दाखवली, आणि ती सळई मी आजवर कधी नीट पाहिली नव्हती.

या गाडीत मागच्या ब्रेकचा दाब ओझ्याप्रमाणे कमी-जास्त करणारा एक वाल्व चॅसीवर बसवलेला असतो आणि त्याची सळई मागच्या अॅक्सलला जोडलेली असते. हौद्यात माल पडला की चॅसी खाली बसते, सळई हलते आणि वाल्व मागच्या चाकांना जास्त दाब जाऊ देतो. गाडी रिकामी असताना तोच वाल्व दाब आवरून धरतो, नाहीतर हलकी झालेली मागची चाके जोराच्या ब्रेकला लॉक होऊन गाडी आडवी फिरेल. आता जादा पाटे टाकल्यावर काय होते, तर दीड टन माल भरला तरी चॅसी पुरेशी खाली बसत नाही. वाल्वला वाटते गाडी अर्धी रिकामीच आहे, आणि तो मागचा दाब रोखून धरतो. सगळा भार पुढच्या डिस्कवर येतो. म्हणजे ज्या गाडीला आपण मजबूत म्हणतो, तीच भरलेल्या अवस्थेत थांबायला कमकुवत झालेली असते. आमच्या पुढच्या पॅडची झिज आणि मागच्या लायनरची जवळपास कोरी जाडी शेजारी शेजारी ठेवून मिस्त्रींनी हे दाखवले, तेव्हा वेगळ्या पुराव्याची गरज उरली नाही.

दुसऱ्याच दिवशी पाटेवाल्याकडे जाऊन दोन्ही बाजूंचे जादा पाटे काढले, मूळ मापाचे यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट घातले, शॅकलचे झिजलेले बुश बदलले आणि वाल्वची सळई पुस्तिकेतल्या मापाप्रमाणे पुन्हा बसवून घेतली. भावाला हे रुचले नाही, कारण जादा पाट्यांवर शंभर कॅरेट सहज जातात असे त्याने ऐकले होते. मग आम्ही दोघांनी बसून हिशेब केला. आर.सी.वरच्या भरलेल्या वजनातून रिकामे वजन वजा केले, आमच्याकडे टोमॅटोचे कॅरेट वीस किलोचे असते, त्यात रिकाम्या कॅरेटचे दोन किलो धरले आणि ड्रायव्हर व एक माणूस मोजला. उत्तर पासष्ट कॅरेट आले. शंभर कॅरेट म्हणजे बावीसशे किलो. जादा वजनाला मोटार वाहन कायद्यात वीस हजार रुपये दंड आहे आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. पण दंड नसता तरी मी पासष्टवरच थांबलो असतो. आता हौद्याच्या आतल्या बाजूला थरांची खूण रंगाने काढली आहे.

ब्रेक ऑइल किती जुने आहे, याचे उत्तर विकणाऱ्याकडे नव्हते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि त्याचा उकळण्याचा अंश खाली येतो. डॉट-३ प्रतीचे कोरे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असे मानक आहे, पण ओलावा शोषल्यावर ती हमी १४० अंशांवर येते. डॉट-४ ला हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. लांब उतारावर सतत ब्रेक दाबले की कॅलिपरपाशी ऑइल तापते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखे आत जाते. वरच्या टाकीत थोडे नवे ऑइल ओतून हे सुटत नाही. आम्ही चारही चाकांपासून जुने ऑइल काढून पूर्ण बदलले. निघालेले ऑइल काळ्या चहासारखे होते. आता दर दोन वर्षांनी, पावसाळ्याआधी, हे काम करायचे असे वहीत लिहून ठेवले आहे.

बेल्टकडेही मी ब्रेकचाच भाग म्हणून पाहतो. आमच्या गाडीत पेडलचा जोर वाढवणाऱ्या ब्रेक बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीशी आहे, त्यामुळे बेल्ट तुटला तर चार्जिंग तर जातेच, शिवाय काही वेळात पेडल दगडासारखे कडक होते. जुना बेल्ट बदलला आणि दुसरा नवा सीटमागे ठेवला. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची किंवा बंद करण्याची सवय अनेकांना असते. आमच्या गाडीवर ती चालणार नाही, हे चालवणाऱ्या प्रत्येकाला मी बजावून सांगितले आहे. भरलेली गाडी ज्या गियरवर घाट चढेल, त्याच गियरवर उतरायचा.

टायरची गोष्ट थोडक्यात. पुढची जोडी बरी होती. मागच्या दोन्हींच्या बगलेवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे ३११७ असे होते, म्हणजे २०१७ सालच्या एकतिसाव्या आठवड्यात बनलेले टायर. नक्षी पुरेशी दिसत होती, पण बगलेवर बारीक चिरा पडल्या होत्या. नक्षी पाहून ते ठेवले असते तर जुलैच्या पावसात, भरलेल्या गाडीखाली, त्यांची परीक्षा झाली असती. मागचे दोन्ही नवे घातले. स्टेपनी मात्र सध्या जुनीच आहे.

इंजिनाकडे आल्यावर मी एक नियम केला की विकणाऱ्याने "आत्ताच बदललंय" म्हटलेले प्रत्येक ऑइल बदललेले नाही असे धरायचे. इंजिन ऑइल आणि फिल्टर, गियरबॉक्स आणि हाउसिंगचे (मागच्या डिफरन्शियलचे) ऑइल, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर हे सगळे एकाच दिवशी बदलले आणि त्या दिवसाचा किलोमीटरचा आकडा शून्य मानला. नवे इंजिन ऑइल १५डब्ल्यू-४० घातले. पहिले भरण हजार किलोमीटरलाच काढले, कारण आत साठलेला गाळ त्याच्याबरोबर निघून यावा. यापुढचे अंतर पुस्तिकेतल्यापेक्षा कमी ठेवणार आहे. शेतरस्त्याची धूळ आणि घाटातले ओझे पुस्तिकेने धरलेले नसते.

रेडिएटरचे झाकण उघडले तर आत विटकरी रंगाचे पाणी होते. कूलंट कधीच संपले होते आणि वर्षानुवर्षे विहिरीचे जड पाणी ओतले जात होते. पाणी काढून दोनदा धुतले. इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या थर्मोस्टॅटचे घर उघडले, तेव्हा आत थर्मोस्टॅट नव्हताच. गाडी तापते म्हणून कुणीतरी तो काढून टाकला होता. असे केल्याने गाडी तापायची कदाचित थांबते, पण इंजिन योग्य तापमानाला यायला फार वेळ लावते, डिझेल जास्त पिते आणि आतून लवकर झिजते. शिवाय तापण्याचे मूळ कारण, म्हणजे चोंदलेला रेडिएटर, तसेच राहते. रेडिएटर दुकानात देऊन साफ करून घेतला, नवा थर्मोस्टॅट बसवला आणि निम्मे कूलंट व निम्मे शुद्ध पाणी भरले. काटा आता मध्यावर येऊन स्थिर राहतो.

डिझेल फिल्टरखालचा पाणी काढण्याचा स्क्रू पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी सोडायचा आहे. कॉमन रेल इंजिनाच्या नोझलमध्ये पाणी गेले तर त्या एका दुरुस्तीत वर्षभराच्या देखभालीचा पैसा जातो. प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसना आणि जिथे जिथे निपल आहेत तिथे दर महिन्याला ग्रीस, आणि चिखलातून खेप झाली असेल तर त्याच आठवड्यात. हौद्याच्या तळाशी टोमॅटोचा रस झिरपून पत्रा गंजतो, म्हणून प्रत्येक तोड्यानंतर हौदा धुऊन फळका उघडा ठेवायचा, हे काम धाकट्याने स्वतःहून अंगावर घेतले आहे.

कागदांची देखभालही यातच धरली. विम्यावर नाव बदलण्यासाठी चौदा दिवसांच्या आत अर्ज दिला. गाडीचे फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांचे मिळते, पण २०२६ मध्ये आठ वर्षे पूर्ण झाल्यापासून पासिंग दरवर्षी करावे लागते, त्यामुळे त्याचा खर्च आणि एक मोकळा दिवस आतापासून वार्षिक हिशेबात टाकला आहे.

साठ हजारांतले सात हजार शिल्लक आहेत आणि क्लचचे काम राहिले आहे. तिसऱ्या गियरवर चढाला जोर दिला की आवाज वाढतो, पण वेग त्या मानाने वाढत नाही. प्लेट घासत आली आहे. मिस्त्रींच्या मते रिकामी गाडी चढवण्यापुरती ती हा हंगाम काढेल. त्यांच्या शब्दावर मी ते काम ऑक्टोबरवर ढकलले आहे. तोवर दर सोमवारी सकाळी गावाबाहेरच्या त्याच चढावर, त्याच गियरवर गाडी घेऊन पाहायची आणि काय वाटले ते वहीत लिहायचे. घसरण वाढलेली दिसली, तर हंगाम चालू असतानाही दोन दिवस गाडी उभी करायची आणि तेवढ्या दिवसांचा माल भाड्याच्या गाडीने पाठवायचा, एवढे घरात ठरले आहे.