आमची वाटचाल : दिवाळी सरकली, खापर सॉफ्टवेअरवर फुटलं

आमची फर्म तीन माणसांची, काम विक्रीच्या आकड्यांचं विश्लेषण आणि हत्यारं दोनच, ग्रेटल आणि आर ही संख्याशास्त्राची सॉफ्टवेअरं. दोन्ही मोफत. पहिला आलेख ग्रेटलमध्ये काढायचा, पक्कं काम आरमध्ये. २०२३ सोडलं तर बाकीची वर्षं बरी गेली, त्यांत सांगण्यासारखं फार नाही.

तूप-श्रीखंड विकणारी एक दूध संस्था पहिल्या दिवसापासून आमच्याकडे आहे. त्यांची महिन्याची विक्री एक्सेलमध्ये येते, तीही '१,२५,०००' अशी स्वल्पविरामांसकट. असा रकाना आर आकडा म्हणून घेत नाही, मजकूर म्हणून घेतो. २०२० मध्ये ४.० आवृत्ती येईपर्यंत त्याचा आपोआप फॅक्टर, म्हणजे गटांचा रकाना व्हायचा. त्याचा थेट आकडा करायला गेलं की रकमेच्या जागी गटाचा अनुक्रमांक हाती यायचा. ना एरर, ना इशारा. म्हणून आधी स्वल्पविराम काढायचे, मग आकडा करायचा आणि रकान्याची बेरीज संस्थेच्या वहीशी ताडायची. ती जुळल्याशिवाय पुढची ओळ चालवू नका.

फर्म बुडायची वेळ आली ती २०२३ मध्ये. हंगामी चढउतार वजा करून आम्ही ऑक्टोबरच्या विक्रीचा रिपोर्ट दिला आणि त्यात 'मागणी उतरली' असं लिहिलं. संस्थेनं तुपाचं पॅकिंग आवरतं घेतलं आणि ऐन वसुबारसेला माल संपला. गावातल्याच एका फर्मनं लगेच 'फुकटचं ते असंच' म्हणत महागड्या पॅकेजचं कोटेशन पुढं केलं. वास्तविक आम्ही वापरलेलं, हंगाम वजा करणारं एक्स-१३ हे सॉफ्टवेअर अमेरिकेच्या सेन्सस ब्युरोचं, तेही मोफत. ईव्ह्यूज आणि सॅस या विकतच्या पॅकेजांतही तेच आहे. आमचं बिल मात्र अडकलं ते अडकलंच.

चूक आमची होती, सॉफ्टवेअरची नव्हे. एक्स-१३ला ईस्टर ठाऊक आहे, दिवाळी नाही. २०२२ चं लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि ते १२ नोव्हेंबरला गेलं. खरेदी लक्ष्मीपूजनापर्यंतच्या १५ दिवसांत होते असं धरलं, तर २०२२ चे सगळे १५ दिवस ऑक्टोबरात पडतात. २०२३ चे मात्र ऑक्टोबरात फक्त ३ आणि नोव्हेंबरात १२. म्हणजे ऑक्टोबरचा वाटा १ वरून ०.२ वर आला. मागणी उतरली नव्हती, पुढच्या महिन्यात गेली होती.

हे वाटे हातानं मांडत बसायची गरज नाही. आरच्या 'सीझनल' पॅकेजमध्ये दिवाळीच्या तारखा तयार आहेत. सणाचा रकाना बनवणाऱ्या 'जेनहॉल' या फंक्शनला सुरुवात उणे १४, शेवट ० द्या आणि केंद्रीकरण 'कॅलेंडर' ठेवा, म्हणजे प्रत्येक महिन्याची नेहमीची सरासरी वजा होते. ती न वजा केल्यास दिवाळीचा कायमचा भाग हंगामातून निसटतो. हा रकाना मॉडेलमध्ये घालताना त्याचा प्रकार 'हॉलिडे' असल्याचं स्पष्ट सांगा. तो तुमच्या विक्रीच्या शेवटच्या महिन्यावर थांबवू नका, पुढची तीन वर्षं तरी ओढा. नाहीतर अंदाज काढताना एक्स-१३ अडतं आणि नवशिका उगाच विक्रीच्या फाइलमध्ये दोष शोधत बसतो. मग रकान्यासह आणि रकान्याशिवाय, दोन्ही मॉडेलांचं एआयसीसी, म्हणजे मॉडेल किती बरं बसतं याचं माप, पाहा. कमी असेल ते ठेवा.

पंधरा दिवस हा आकडा तुपासाठी झाला. श्रीखंडाचा गुढीपाडवा आणि दसरा वेगळा, त्याला वेगळा रकाना लागतो. आणि तीन वर्षांपेक्षा कमी विक्रीवर हा उद्योग करूच नये, कोणी कितीही आग्रह केला तरी.

संस्था आमच्याकडेच राहिली. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यानं दिवाळी पुन्हा नोव्हेंबरात, हे त्यांच्या हिशेबनीसांनीच आम्हाला आधी कळवलं. आता फाइलच्या पहिल्या ओळीत ते लक्ष्मीपूजनाची तारीख घालून पाठवतात. स्वल्पविराम मात्र अजून तसेच.