हातातले ताट

शनिवार, रात्रीचे साडेदहा. मालवण.

आज सर्वासच्या, म्हणजे प्रवाशांना सभासदांच्या घरी पाहुणे म्हणून उतरवणाऱ्या संस्थेच्या, परिषदेचा पहिला दिवस संपला. निवांत लिहायला बसले, तर उद्घाटन आठवत नाही, भाषणे आठवत नाहीत. आठवते ते, मी उतरले आहे त्या घरच्या आजींनी माझ्या हातातून काढून घेतलेले ताट.

झाले ते एवढेच. जेवणे उरकली, मी सवयीने स्वतःचे ताट उचलून मोरीकडे निघाले, तेवढ्यात आजी मागून आल्या, त्यांनी ताटाची कड धरली आणि म्हणाल्या, "तुमी पावणी मा? मगे बसा थंयसर." ताटात बांगड्याचा काटा होता, कडेला तिखल्याचा ओघळ आला होता, आणि तो ओघळ ऐंशीच्या घरातल्या त्या बाईंच्या बोटांना लागलेला मला दिसला. मी ताट सोडले, पडवीत येऊन बसले, आणि एकाएकी डोळे भरून आले.

आजी प्रेमानेच बोलल्या, यात तिळमात्र शंका नाही. मग मनाला लागले ते नेमके काय?

आधी वाटले, सकाळचे असेल. नोंदणीच्या टेबलावर दर वेळी आम्हा दोघांचे बिल्ले शेजारी शेजारी ठेवलेले असत. आज एकच होता. पण ते नव्हे, आणि त्याविषयी आज लिहिणारही नाही.

गेली १९ वर्षे रत्नागिरीच्या आमच्या घरी सर्वासचे पाहुणे येत आहेत. परिचयपत्र दाखवायचे, दोन रात्री राहायचे, पैशाची देवघेव करायची नाही, हा रिवाज आता अंगवळणी पडला आहे. मात्र एवढ्या वर्षांत मी स्वतः कोणाच्या घरी पाहुणी म्हणून उतरले नव्हते. या वेळी इथल्या मंडळींनी बाहेरून आलेल्या प्रत्येकाची सोय सभासदांच्या घरीच केली, आणि काल संध्याकाळी मी या घराच्या खळ्यात पाऊल ठेवले. पाय धुवायला पाणी आले, मग गूळ-पाणी आले, मग आंघोळीचे ऊन पाणी न्हाणीघरात काढून ठेवल्याचा निरोप आला. प्रत्येक वेळी मी अर्धवट उठत होते आणि प्रत्येक वेळी मला कोणीतरी बसवत होते. माझ्या घरात दिवसभर माझ्याशिवाय पान हलत नाही, आणि इथे मी नसते तरी काहीच अडले नसते, हा विचार काल रात्रभर डोक्यात होता. माणसाची गरज संपली की माणूस पाहुणा होतो, असेही मनात येऊन गेले. आज लिहिताना ते वाक्य मला पटत नाही, पण काल पटले होते.

उद्घाटनाच्या भाषणात संस्थेचा इतिहास सांगितला गेला. दुसऱ्या महायुद्धात शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेल्या बॉब लुइटवायलर या अमेरिकन तरुणाने आणि त्याच्या मित्रांनी १९४९ साली डेन्मार्कमध्ये हे काम सुरू केले, परक्या देशातली माणसे एकमेकांच्या घरात राहिली तर युद्धाची भाषा कमी होईल या विश्वासाने. सर्वास हे नाव १९५२ सालचे. आमच्या ओळखीतले कित्येक जण ते 'सर्वांस' या अर्थी मराठीच समजतात आणि मला तो गैरसमज दूर करावासा वाटत नाही. पण शब्द एस्परांतो भाषेतला, अर्थ सेवा करणे. आपल्याकडे करतो, करते, करतात अशी माणसागणिक रूपे होतात. एस्परांतोत मी असो, तू असो, ते असोत, वर्तमानकाळात 'सर्वास' हे एकच रूप. सेवा यजमान करतो आहे की पाहुणा, हे त्या शब्दावरून कळतच नाही. सकाळी मी हे टिपणवहीत उतरवून पान उलटले होते. ताट गेल्यावर पडवीत बसले असताना ते पुन्हा आठवले, आणि त्यापाठोपाठ ती जर्मन शिक्षिका आठवली.

ती आमच्याकडे आली तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. मी नारळ खवत होते आणि ती बाह्या दुमडून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहिली, विळीकडे बोट दाखवून मला करू दे म्हणाली. मी तिला हाताला धरून झोपाळ्यावर नेऊन बसवले आणि तिच्या हातात चहाचा कप दिला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, आणि मी पुन्हा नेऊन बसवले. दोन दिवसांत तिला साधा पेलाही विसळू दिला नाही, हे मी पुढे कितीतरी जणांना अभिमानाने सांगितले. त्या उंबऱ्यावर ती किती वेळ उभी होती आणि बाह्या खाली घेताना तिचा चेहरा कसा होता, हे मी कधी पाहिलेच नाही. तिची अडचण होत होती असे नाही. विळीवर हात कापेल याची भीतीही नव्हती. पाहुण्याने कामाला हात लावला तर घराला कमीपणा येतो, हे आईने शिकवले होते आणि त्यात खोट होती असे मी आजही म्हणणार नाही. पण नारळ खवता खवता तिने मला जे सांगितले असते, ते झोपाळ्यावर बसून ती बोलली नाही. तिच्या घरी कोण कोण आहे, हेसुद्धा मला ठाऊक नाही.

आजींच्या जागी मी असते, तर ताट मीही काढून घेतले असते, कदाचित याहून जोराने. हे ध्यानात आल्यावर मघाचे रडू कुठल्या कुठे गेले. आता आजींविषयी एक विलक्षण आपलेपणा वाटतो आहे, बहिणीविषयी वाटावा तसा.

आत तांदूळ धुतल्याचा आवाज येतो आहे. उद्या घावणे आणि नारळाचा रस. विळी चुलीमागच्या भिंतीला टेकवून ठेवलेली मघाशी पाहिली. नारळ मी खवू का, असे वहिनींना विचारले, तेव्हा त्या हसल्या आणि "बघा, आजी देतात का" एवढेच म्हणाल्या. गजर पाचचा लावला आहे.