गुणतक्त्याचा शेवटचा रकाना

संशोधन निधीसाठी येणाऱ्या प्रस्तावांच्या छाननी समितीचे कामकाज मी सांभाळतो. छत्रपती संभाजीनगरला गेल्या महिन्यात झालेल्या बैठकीतला एक प्रस्ताव अजून मनातून जात नाही.

यंदाच्या जाहिरातीत 'दुष्काळ आणि पाणी' हा प्राधान्यविषय होता. परिणाम एवढाच झाला की, बहुतेक प्रस्तावांची सुरुवात 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आलेल्या 'जलदूत' रेल्वेने झाली. विषय नॅनोपदार्थांचा असो वा चेहरे ओळखणाऱ्या संगणकप्रणालीचा, पहिल्या परिच्छेदात ती गाडी आणि दुसऱ्यापासून अर्जदाराचे जुनेच काम. प्राध्यापकांना मी फारसा दोष देत नाही. आमच्या 100 गुणांच्या तक्त्यात नावीन्य, शोधनिबंध आणि पेटंटची शक्यता यांनाच 70 गुण आहेत. 'सामाजिक उपयुक्तता' शेवटच्या रकान्यात, 10 गुणांपुरती, आणि तिथे सदस्य सर्वांनाच सरसकट सात-आठ देऊन मोकळे होतात.

बीड जिल्ह्यातील एका महाविद्यालयाचा प्रस्ताव मात्र रेल्वेशिवाय सुरू होत होता. विषय होता बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा सरी पद्धतीने पेरणी करणारे यंत्र. काळ्या जमिनीसाठी ही पद्धत इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेने 1970 च्या दशकातच विकसित केली. पाऊस जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जाते आणि खंड पडला तर वरंब्यात ओल टिकते, म्हणून मराठवाड्यातल्या सोयाबीनला तिचा आधार आहे. पण वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, पुरता येण्याआधी पेरणीची घाई झाली, की चिकण माती फणाला धरते, बियाण्याची नळी चोंदते, आणि मागे वळून न पाहणाऱ्या ट्रॅक्टरचालकाच्या नकळत अख्खी ओळ बियाण्याविना जाते. ते उगवणीनंतरच कळते, तेव्हा दुबार पेरणीचा खर्च शेतकऱ्याच्या माथी असतो. अर्जदाराला फणाचा कोन, नळीच्या तोंडाची जागा आणि पृष्ठभागावरचा लेप बदलून वेगवेगळ्या ओलाव्यात चाचण्या घ्यायच्या होत्या, त्याही गावातल्याच वेल्डिंगच्या दुकानात सुटे भाग बनवून. मागितलेली रक्कम आमच्या यादीत सर्वांत कमी होती.

"हे संशोधन नव्हे, फॅब्रिकेशन आहे," असे एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले. त्यांनी औताला अखेरचा हात कधी लावला असेल, हा प्रश्न मी गिळला. आमंत्रित म्हणून बसलेले परभणीकडचे शेतकरी तेवढे बोलले: "सर, चार दिवसांत पेरणी उरकावी लागते. त्यातला एक दिवस आमचा माणूस सळईने नळ्या मोकळ्या करण्यात घालवतो. हे कुठल्या रकान्यात बसवायचं, ते सांगा." त्यावर सगळे हसले आणि प्रस्ताव गुणानुक्रमाने खाली गेला.

युरोपीय संघाने 2014 ते 2020 च्या कार्यक्रमात प्रादेशिक विकास निधीतून संशोधनाला पैसा देण्यापूर्वी, प्रदेशाने विद्यापीठे, उद्योग आणि शासन यांना एकत्र बसवून 'स्मार्ट स्पेशलायझेशन'चे, म्हणजे आपल्या बलस्थानांनुसार मोजकी क्षेत्रे निवडण्याचे, धोरण ठरवावे, अशी अट घातली होती. तीतही पळवाटा असतील. पण प्रस्ताव येण्यापूर्वीच प्रदेशाची गरज ठरवणारे एखादे टेबल तरी तिथे असावे लागत होते. आपल्याकडे राज्यघटनेच्या अनुच्छेद 371(2) नुसार 1994 मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विकास मंडळाची मुदत एप्रिल 2020 मध्ये संपली. ते मंडळ संशोधनाचे नव्हते, तरी विभागाच्या विकासाचा अनुशेष मोजण्याची एक वैधानिक जागा होती. आता गरज काय, हे जाहिरातीतले दोन शब्द ठरवतात आणि उरलेले गुणतक्ता.

इतिवृत्तात त्या शेतकऱ्यांचे वाक्य शब्दशः नोंदवायला मी आग्रहाने लावले. सोबत एक टिप्पणीही वर पाठवली आहे: उपयुक्ततेला गुण देण्याऐवजी ती पात्रतेची अट करावी, निष्कर्ष कोण वापरणार त्याचे लेखी पत्र प्रस्तावासोबत घ्यावे, आणि छाननीत त्या वापरकर्त्याला मत असावे. 'पुढील वर्षी विचारार्थ' असा शेरा मारून ती परत आली आहे. पुढील वर्षीची जाहिरात मात्र छापायला गेली असून, तिच्यातला गुणतक्ता जुनाच आहे.