खंडाचं रान की मोकळं रान: कॅन्ससमधली फेझंटची शिकार

टेक्सासात शिकार करायची म्हणजे आधी जमीनवाला गाठायचा. राज्यातली ९५ टक्क्यांहून अधिक जमीन खासगी, त्यामुळे हरणांसाठी वर्षाच्या खंडाने रान घेण्याची पद्धत तिथे मुरलेली आहे. आमच्या डॅलसच्या मंडळींतही ‘यंदा लीज घ्यायची का?’ हा विषय दरवर्षी निघतो. या डिसेंबरात फेझंट या कोंबडीएवढ्या रानपक्ष्याच्या शिकारीला कॅन्सस राज्यात जाऊन आलो आणि माझं मत पक्कं झालं: पक्ष्यांसाठी खंड भरू नका.

कॅन्ससची जमीनही बहुतेक खासगीच. पण तिथलं वन्यजीव खातं १९९५पासून शेतकऱ्यांकडून शिकारीपुरतं रान भाड्याने घेतं आणि सर्वांना खुलं करतं. ‘वॉक-इन’ म्हणतात त्याला. असं दहा लाख एकरांहून जास्त रान आहे. मालकाला विचारावं लागत नाही; गाडी रस्त्याकडेला लावायची आणि पायी शिरायचं. भाड्याचे पैसे आपल्यासारख्यांच्या परवाना शुल्कातून आणि बंदुका-काडतुसांवरच्या केंद्रीय करातून येतात, म्हणून मी त्याला फुकट म्हणत नाही.

सलायना गावाहून आय-७० महामार्ग धरून हेज गावाच्या बाजूला गेलो. तिकडे ज्वारी अमाप. आपल्यासारखीच, पण बुटकी, यंत्राने कापलेली. धसकटं उभी, शेजारी कमरेइतकं गवत, वर पातळ बर्फ. त्या बर्फावर तीन बोटांचे ठसे ज्वारीतून निघून थेट गवतात गेलेले. आम्ही वाऱ्याच्या तोंडाने चालत गेलो. गवताच्या टोकाशी नर फडफडत, ओरडत उठला. मारायचा फक्त नर. कलत्या उन्हात रंग कळत नाही, गळ्यातलं पांढरं कडं दिसलं तरच चाप ओढा.

जाणाऱ्यांनी पहिला शनिवार-रविवार टाळावा. हंगाम नोव्हेंबरच्या मध्याच्या आसपास सुरू होऊन ३१ जानेवारीपर्यंत चालतो. डिसेंबरातल्या आडवारी रान रिकामं मिळतं. खात्याचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, तरी कोपऱ्यावरची पाटी आणि तिच्यावरच्या तारखा वाचूनच आत पाय टाका. खांबांवर जांभळा रंग दिसला तर ते रान लेखी परवानगीचं, तिकडे फिरकू नका. गाडीचं दार आपटू नका; फेझंट आवाज ऐकून पायीच पळतो. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी वैध शिकार परवाना हातात आल्याशिवाय बंदुकीला हात लावू नये, केंद्रीय कायदा कडक आहे. मारलेल्या पक्ष्याचा पाय, डोकं किंवा पिसं घरी पोहोचेपर्यंत काढायची नाहीत, नर असल्याचा तोच पुरावा.

हरणांचं गणित वेगळं. तिथे मचाण एकाच जागी बांधून महिनोन्‌महिने जनावरांच्या वाटा पाहाव्या लागतात, मध्येच कोणी शिरलं तर सगळं वाया. चार-पाच जणांत खंड वाटून घेणार असाल आणि रान घरापासून दोन-तीन तासांवर असेल, तर जरूर घ्या. मात्र करारात पाहुणे किती आणायचे, गुरं कधी सोडणार आणि अपघाताचा विमा कोणाचा, हे लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.