उसन्या भाकरी मागायला जाताना

चर्चच्या मंडळीत प्रार्थनेतली नम्रता आणि कळकळ यांच्याबद्दल असं बोललं जातं, जणू ती दोन वेगळ्या माणसांची लक्षणं आहेत. मान खाली घालून हळू बोलणारा नम्र, आणि घामाघूम होऊन हाका मारणारा कळकळीचा. बायबलमध्ये अशी वाटणी नाही. लूकच्या शुभवर्तमानातल्या 11व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दाखल्यातला माणूस मध्यरात्री मित्राचं दार ठोठावतो. घरी पाहुणा आलाय आणि वाढायला काही नाही. मागणी नेमकी आहे : तीन भाकरी, त्याही उसन्या. घरात काही नाही हे तो लपवत नाही, ही नम्रता. आणि घरात काही नाही म्हणूनच तो दारावरून हलत नाही, ही कळकळ. 8व्या वचनात जिथे आपण 'आग्रह' वाचतो, तिथल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'निर्लज्जपणा'कडे झुकतो.

शेजारी साखर मागायला जाताना आपण रिकामी वाटी नेतो. लूक 18 मधला परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा, भरलेली वाटी घेऊन मंदिरात गेला. आठवड्यातून दोनदा उपास, मिळकतीचा दशांश, वर आभारही. पण त्याची प्रार्थना पुन्हा वाचा, तिच्यात मागणी एकही नाही. त्याच मंदिरात आलेल्या जकातदाराचे, म्हणजे लोक पापी समजत त्या करवसुली करणाऱ्याचे, शब्द सहा : हे देवा, मज पाप्यावर दया कर. ग्रीकमध्येही सहाच. तिथल्या 'दया कर' या क्रियापदाचं नातं प्रायश्चित्ताशी आहे. म्हणजे तो नुसती कीव मागत नाही, पापाचा निकाल लाव म्हणतो. परूशाने काहीच मागितलं नाही, याची मागणी कितीतरी मोठी होती.

म्हणून 'मी अपात्र, मी नालायक, मी धूळ' असं पाच मिनिटं म्हणून काहीच न मागता आमेन म्हणणं मला नम्रता वाटत नाही. अब्राहामानेही स्वतःला धूळ व राख म्हटलं (उत्पत्ती 18), पण त्याच दमात सदोम शहर वाचावं म्हणून देवाशी पन्नास नीतिमानांवरून दहांपर्यंत घासाघीस केली.

आवाजाचंही तसंच. मुलासाठी प्रार्थना करणाऱ्या हन्नाचे नुसते ओठ हलत होते, एली याजकाला ती प्यालेली वाटली. बआल दैवताचे संदेष्टे सकाळपासून दुपारपर्यंत ओरडले, अंगावर वार करून घेतले, उत्तर आलं नाही. मोठ्याने प्रार्थना करणं चूक नाही, आंधळा बार्तीमय येशूला हाक मारत ओरडलाच. फक्त शेजारच्या बाकावरच्याला ऐकू जावं म्हणून आवाज चढत असेल, तर ते लगेच ओळखावं आणि थांबावं.

प्रार्थना सभेत सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे : 'प्रभू, तुला माहीतच आहे, काही बंधू तीन रविवार उपासनेला आले नाहीत.' प्रभूला माहीत आहे, मग हे कुणाला सांगणं चाललंय? तो बंधू तिसऱ्या रांगेत बसलेला असतो. असं काही असेल तर त्याच्या घरी जाऊन बोलावं. दुसरी सवय म्हणजे दर तीन शब्दांनी 'प्रभू, प्रभू'. पुढचं वाक्य सुचेपर्यंत त्याचं नाव घ्यायचं नाही, गप्प राहायचं. दहा सेकंदांची शांतता कुणालाही जड होत नाही.

क्रम शिकायचा तर मार्क 14:36 मधली, अटकेआधीची येशूची प्रार्थना पुरेशी आहे. आधी हाक, 'अब्बा', म्हणजे बाप. मग 'तुला सर्व काही शक्य आहे'. मग उघड मागणी, हा (दुःखाचा) प्याला माझ्यापासून दूर कर. 'माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या' हे सगळ्यात शेवटी. आपण बहुतेकदा शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण मग मागायची आणि वाट बघायची जबाबदारीच उरत नाही. येशू तीच विनंती करायला पुन्हा गेला, मार्क सांगतो तेच शब्द घेऊन. तेव्हा एकच गोष्ट रोज मागणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे. वहीत तारीख आणि एका ओळीत मागणी लिहून ठेवावी. 'सर्वांना आशीर्वाद दे' ही ओळ लिहू नये. तिचं उत्तर आलं की नाही हे कधी कळणार?

भाषेचं थोडं सविस्तर सांगतो. घरात 'काय करूलालास' बोलणारा आपला बेळगावकडचा माणूस प्रार्थनेला उभा राहिला की छापील पुस्तकासारखा बोलू लागतो. उपासनेतल्या ठरलेल्या प्रार्थना तशाच असाव्यात, त्या सगळ्यांच्या आहेत. पण दार लावून एकटं बसल्यावर (मत्तय 6:6) घरचीच बोली बोलावी. बेळगावची बाई 'मी आलो, मी गेलो' म्हणते, तिने देवाजवळही तसंच म्हणावं. वडिलांना 'तुम्ही' म्हणणारे आपण देवाला 'तू' म्हणतो, कन्नड प्रार्थनेतही 'नीनु'च आहे. त्यात उद्धटपणा नाही, आईलाही आपण 'तू'च म्हणतो. मराठी-कन्नड एकत्र सभेत ज्याने त्याने आपल्या भाषेत प्रार्थना करावी, मध्येच भाषांतर करू नये. आमेन दोन्हीकडे एकच आहे.

आणि 1 नोव्हेंबर. त्या दिवशी एकाच्या घरी कर्नाटक राज्य झाल्याचा राज्योत्सव असतो, दुसऱ्याच्या मनात बेळगाव महाराष्ट्रात न गेल्याचा काळा दिवस. आपल्या भाषेसाठी न्याय मागणं योग्यच आहे, लूक 18 मधल्या दाखल्यातल्या विधवेनेही न्यायाधीशाकडे न्यायच मागितला होता. पण 'मी त्यांच्यासारखा नाही' हे वाक्य मनात आलं की आपण परूशाच्या जागी उभे आहोत. तेव्हा ज्याचा राग येतो त्या कन्नड शेजाऱ्यासाठी नावानिशी प्रार्थना करावी, त्याच्या मुलांच्या परीक्षेसाठी, त्याच्या घरच्या दुखण्यासाठी. मार्क 11:25 मध्ये क्षमेचं सांगितलंय ते उभं राहून प्रार्थना करतानाच, नंतर सवडीने नाही.

उपास करायचा तर पहिल्यांदा सकाळचा नाष्टाच सोडावा, पाणी पीत राहावं, तो वेळ खरंच प्रार्थनेला द्यावा. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

दवाखान्यातली प्रार्थना मात्र वेगळीच. खानापूर, चंदगडकडून पेशंट बेळगावला आणलेला असतो, नातेवाईक रात्रभर जागलेले. तिथे दोन मिनिटांच्या वर जाऊ नये. सलाईन लावलेला हात धरू नये. आधी विचारावं, 'मावशी, देवाजवळ काय मागू?' त्या बरं होणं मागतील असं गृहीत धरू नये. कधी मुलाला रजा मिळू दे म्हणतात, कधी नुसती आज झोप लागू दे म्हणतात. झोप सांगितली तर झोपच मागावी, आणि आमेन झाल्यावर गप्पा न मारता उठावं.