पोर्-ता की पो-र्ता?

तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग घेतला. त्यामुळे मुलांना वाचायला कसं शिकवावं हे मला कुणी सांगायला येऊ नये, असा माझा एक गोड समज होता. गेल्या एप्रिलात, लिस्बनच्या पिवळ्या मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनाजवळ, ओदिव्हेलशला, मुलाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझ्या सहा वर्षांच्या नातीने तो उतरवला.

घरचा अभ्यास साधा होता. दहा शब्द, आणि प्रत्येकाच्या मध्ये उभ्या रेघा मारून त्याच्या सीलाबा वेगळ्या करायच्या. सीलाबा म्हणजे एका टाळीत येणारा शब्दाचा तुकडा. पातु म्हणजे बदक: पा, तु, दोन टाळ्या. मुलगा-सून कामावर, मी रिकामी, आणि पोर्तुगीज मला इतपत यायला लागलं होतं की कोपऱ्यावरून पाव आणता यावा. नात 'पोर्ता'वर अडली. पोर्ता म्हणजे दार. मी म्हटलं, "अगो, सोप्पं आहे. पो आणि र्ता." तिने माझ्याकडे जरा संशयाने बघितलं, पण आजी शाळेत बाई होती हे तिला ठाऊक. तिने पी-ओच्या पुढे रेघ मारली आणि आर-टी-ए पलीकडे ठेवलं. दुसऱ्या दिवशी वही लाल शाई घेऊन परत आली. पोर् आणि ता. शेजारी एक हसरा चेहराही काढलेला होता. तो मला जास्त लागला.

याच्या आधीचं थोडं सांगते. तिथे शाळा सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होते. ऑक्टोबरात मी पहिल्यांदा गेले (व्हिसा नव्वद दिवसांचा, लोणचं वर्षभराचं) तेव्हा तिचा वर्ग स्वरांवर होता, तोही ई, ऊ, ओ, आ, ए अशा उलट्यापालट्या क्रमाने. ई पहिला का, हे मी लगेच ओळखलं: लिहायला नुसती एक काडी. आपणही पाटीवर क-ख-ग न घेता गमभन घेत होतोच की, हाताला वळण सोपं म्हणून. मग दोन स्वर एकमेकांना जोडायचे. ए आणि ऊ मिळून 'एव्', आणि एव् म्हणजे 'मी'. एकही व्यंजन न शिकता पोर 'मी' वाचायला लागते. आपल्याकडे नुसत्या स्वरांवर पहिला शब्द 'आई' येतो. यावर मी सुनेला बरंच काही ऐकवलं, ते इथे नको.

स्वरांनंतर प आला: पा, पे, पी, पो, पू. मी म्हटलं, ही तर बाराखडी! आपली बारांची, यांची पाचांची. आणि मला पेडण्याची मामी आठवली. ती गोव्यात पोर्तुगीज असताना 'प्रिमेर ग्राव' शिकलेली, म्हणजे पहिल्या पायरीची प्राथमिक शाळा. भाकऱ्या थापताना ती 'बे-आ-बा, बे-ए-बे' असं काहीतरी गुणगुणायची आणि आम्ही पोरं तिला हसायचो. ती बाराखडी म्हणत होती, हे कळायला मला ओदिव्हेलशपर्यंत जावं लागलं.

ही बे-आ-बाची घोकंपट्टी पोर्तुगालमधल्या एका कवीला मुळीच पटत नव्हती. झुआंव द देउश त्याचं नाव. त्याचं 'कार्तिल्या मातर्नाल' हे वाचन शिकवायचं पुस्तक १८७६ साली निघालं. अर्थ नसलेले तुकडे मुलांकडून घोकून घेऊ नका, पहिल्या दिवसापासून खरा शब्द द्या, असं त्याचं म्हणणं. शब्द तोडायचा, पण रेघ मारून नाही. एक सीलाबा काळ्या शाईत, पुढची करड्या शाईत, पुन्हा काळी. शब्द डोळ्याला अखंड दिसतो आणि सांधेही दिसतात. ही युक्ती मला तीस वर्षांपूर्वी कळती, तर मी दोन रंगांचे खडू आणून फळाभर तेच केलं असतं.

तर, पोर्ता. लाल शाईचा राग ओसरल्यावर मी शांतपणे दोनचार वेळा मोठ्याने म्हणून बघितलं. पोर्ता. पोर्-ता. जीभ र वर टेकते, थांबते, मग ता. बरोबर तर लाल शाईच होती! मग मी 'पो-र्ता' का म्हटलं? कारण मी कानाने तोडलंच नव्हतं, डोळ्यांनी तोडलं होतं. माझ्या डोक्यात तो शब्द देवनागरीत लिहिलेला. तिथे र चा रफार होतो आणि ता च्या डोक्यावर जाऊन बसतो. अक्षर म्हणून मोजलं की पो एक, र्ता एक.

आणि गंमत म्हणजे खरी गोष्ट आपल्याला शाळेतच शिकवलेली असते, फक्त दुसऱ्या तासाला. वृत्तं आठवा. यमाताराजभानसलगा. 'पुस्तक'मधला पु ऱ्हस्व, तरी तो गुरू का? तर पुढच्या जोडाक्षराचा आघात त्याच्यावर येतो. आघात येतो म्हणजे काय, तर स्त मधला स् पु च्या पदरात पडतो: पुस्-तक. म्हणजे वृत्ताच्या तासाला आपण पोर्-ता म्हणतो आणि लेखनाच्या तासाला पो-र्ता.

त्या रात्री मला माझ्या वर्गातली पोरं आठवली. दरवर्षी पाचसहा जण तरी 'सूर्य' लिहिताना रफार सू च्या डोक्यावर द्यायची. मी खोडायची, पुन्हा पाच वेळा लिहायला लावायची. त्यांचे कान चोख होते. सूर्-य. र् तर सू बरोबरच ऐकू येतो. लिहिण्याची रीत वेगळी आहे, ती शिकवायला हवीच, पण "तुझं ऐकणं बरोबर आहे" हे एकदाही मी एकालाही सांगितलं नाही.

एवढं ज्ञान झाल्यावर माणूस गप्प बसेल? दोन दिवसांनी 'लीव्रु' आला. लीव्रु म्हणजे पुस्तक. मी म्हटलं, कळलं आता, पुस्-तक तसं लिव्-रु. पुन्हा लाल. ली-व्रु. त्यांचा नियम असा की प, ब, त, द, क, ग, फ, व यांच्या मागून र आला तर ती जोडी फोडायची नाही. ल चंही जवळजवळ तसंच. दोघांनी मिळून पुढच्या स्वराकडे जायचं. प्रातु, फ्लोर, ली-व्रु. र पुढे आणि त मागे असेल तर मात्र फारकत: पोर्-ता. नात म्हणाली, "आजी, र मागे असेल तर तो मित्र, पुढे असेल तर नाही." हे बाईंनी सांगितलं होतं की तिचं स्वतःचं, देव जाणे. मला आपल्या 'तुमच्या'ची आठवण झाली. तिथेही जोडाक्षर आहे, पण आघात नाही, आधीचं अक्षर लघुच राहतं. अपवाद काही मला नवा नव्हता. पण दोनदा लाल शाई मिळाल्यावर ते कुणाला सांगणार?

माझी खरी तक्रार होती ती 'एश्कादा'बद्दल. म्हणजे जिना. कागदावर तीन सीलाबा: एश्-का-दा. पण लिस्बनची माणसं बोलतात ते 'श्कादा'. पहिला ए कुठे गेला? 'मनीनु' म्हणजे मुलगा, तो 'म्नीनु' होतो. सगळीकडे हीच तऱ्हा: जिथे जोर नाही तो स्वर गिळायचा. मग लहान पोरांनी न ऐकू येणाऱ्या स्वरासाठी टाळी वाजवायची कशी? आमच्या खालच्या मजल्यावर एक ब्राझीलची बाई राहते, माझ्याच वयाची. ती 'इस्कादा' म्हणते, तीन टाळ्या स्वच्छ. मी तिला म्हटलं, शाळेत तुझंच पोर्तुगीज ठेवायला हवं. ती खूष झाली आणि मला पपईचा मुरांबा दिला.

तिच्यामुळेच ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पावलू फ्रेइरी यांचा विषय निघाला. डी.एड.ला त्यांचं नाव पाठ केलं होतं, आणि नव्वदच्या दशकात साक्षरता अभियानात संध्याकाळी कंदील घेऊन वाडीवर जायचो तेव्हा शिबिरात पुन्हा ऐकलं होतं. १९६३ साली ब्राझीलच्या ईशान्येला आंजिकुश गावात सुमारे ३०० कष्टकरी माणसांना ४० तासांत वाचायला-लिहायला शिकवण्याचा प्रयोग त्यांनी केला. पुढच्या वर्षी लष्कराने सत्ता घेतली, फ्रेइरींना तुरुंग आणि मग देश सोडणं. पण शिबिरात आम्हाला सगळं विचारांचं सांगितलं होतं, हातातलं कौशल्य नाही. ते त्या बाईने वर्तमानपत्राच्या कडेवर लिहून दाखवलं. लोकांच्या रोजच्या कामातला शब्द घ्यायचा, जसा 'तिझोलु', म्हणजे वीट. त्याचे तीन तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याचं कुटुंब: ता ते ती तो तू, झा झे झी झो झू, ला ले ली लो लू. आता या पंधरांतून पाहिजे ते शब्द जुळवा. तिने तीन तुकड्यांवर बोट ठेवलं: तू, झा, ले. "तू झा ले" म्हणजे "तुला आता वाचता येतं". विटेतून निघालेलं हे वाक्य बघून मी खुर्चीत बसल्या बसल्या टाळी वाजवली, एकच.

आमच्या वाडीवर आम्ही छापील पुस्तक उघडून 'कमळ'पासून सुरुवात केली होती. जवळच्या तळ्यात कमळ कधी नव्हतं.

एप्रिल-मे म्हणजे पहिलीत दोन अक्षरी आवाजांचा मोसम. सी-एच, एल-एच, एन-एच. यात मला फार मजा आली. एन-एच म्हणजे चक्क ञ! गालीञा म्हणजे कोंबडी, व्हीञु म्हणजे द्राक्षाची दारू. तेहतीस वर्षं ञ च्या चौकोनात कुठलंही चित्र नसायचं, मुलं विचारायची, "बाई, ञ कशाचा?" आणि मी म्हणायची, पुढे चला. तो ञ इथे सापडला, कोंबडीच्या शेपटीला. एल-एच म्हणजे ल्य, पण एका दमातला: तेल्यादु, छप्पर. आणि सी-एच म्हणजे श. चावीला ते 'शाव्' म्हणतात. आपण त्यांच्याकडूनच घेतलेला शब्द, मग आपल्याकडे च कसा? तर ते आपल्या किनाऱ्यावर आले तेव्हा त्यांच्याही तोंडात च होता. पुढे लिस्बनकडे त्याचा श झाला. उत्तरेला त्राझ-उझ-मोंतिशच्या डोंगराळ भागात जुनी माणसं अजून च म्हणतात. मी नातीला सांगितलं, तुझ्या बाईंपेक्षा तुझ्या आजीची चावी जुनी आहे. तसाच तो नाकातला 'आंव': पांव आपल्याकडे पाव झाला, लेइलांव लिलाव. हे तिने वर्गात सांगितलं आणि तिला टाळ्या मिळाल्या. त्यात माझाही थोडा वाटा धरायला हरकत नाही.

दोन आर मला अजूनही पटलेले नाहीत. 'कारु' एका आरने म्हणजे महाग, दोन आरने म्हणजे मोटार, आणि तो दुसरा र घशातून खाकरून काढायचा. टाळ्या वाजवताना का-र्रु, दोन्ही आर एकत्र. पण ओळीच्या शेवटी शब्द तोडायची वेळ आली की कार्-रु, एक आर वर, एक खाली. का? असंच आहे म्हणून. अशा वेळी नात माझ्याकडे बघते आणि मी खिडकीबाहेर.

शेवटी शेवटी आम्ही टंगळमंगळ म्हणून जीभ वळवायचे खेळ खेळायचो. तिचं: 'त्रेश प्रातुश द त्रीगु पारा त्रेश तीग्रिश त्रीश्तिश', तीन उदास वाघांसाठी गव्हाच्या तीन थाळ्या. गहू दिल्यावर वाघ उदास होणार नाहीत तर काय. माझं: कच्चा पापड, पक्का पापड. तिने लगेच टाळ्या मोजल्या. "कच्-चा. पा-पड. चार."

"पापडला तीन," मी म्हटलं. "पा, प, ड."

"म्हणून बघ."

मी म्हणून बघितलं. पापड. दोन. लिहायला तीन अक्षरं, ऐकायला दोनच तुकडे, मधला अ शाबूत आणि शेवटचा साफ गिळलेला. लिस्बनकरांना मी दोन महिने याच गोष्टीसाठी नावं ठेवत होते.

जूनच्या अखेरीस मी कुडाळला परत आले. परवा व्हिडिओ कॉलवर तिने सांगितलं की वर्गात सगळ्यांनी आपापल्या आडनावाच्या टाळ्या वाजवल्या. आमचं आडनाव सावंत. घरी ते दोन टाळ्यांचं: सा-वंत. तिथल्या मुलांना शेवटचा उघडा त जड जातो, ती त्याच्यामागे एक पुसटसा ए लावतात आणि तीन टाळ्या वाजवतात: सा-वां-ते. तिच्या बापाने दोन सांगितलंय, मैत्रिणी तीनवर अडून बसल्यात, आणि तिने निकालासाठी मला फोन केला होता. मी म्हटलं, थांब, आधी मोठ्याने म्हणून बघते.